‘कॉम्पिटन्सी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: एमबीबीएसच्या ‘कॉम्पिटन्सी बेस्ड’ अभ्यासक्रमाला कौशल्याधारित म्हणायचं, सक्षमताधारित की क्षमताधिष्ठित?

क्षमताधिष्ठित. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळांत ‘क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम’ आला, तेव्हापासून शिक्षकांना हा शब्द ओळखीचा आहे. ‘कौशल्य’ तोकडं पडतं. शीर शोधून सुई टोचणं हे कौशल्य. ती कधी टोचायची याचं ज्ञान आणि आधी रुग्णाला विचारायची वृत्ती हे त्यात येत नाही, कॉम्पिटन्सीत मात्र तिन्ही लागतात. ‘सक्षम’ म्हटलं की ‘सक्षम प्राधिकारी’ आठवतो, म्हणजे अर्थ अधिकाराकडे झुकतो. ‘क्षमते’चीही एक अडचण आहे: रुग्णालयात ‘शंभर खाटांची क्षमता’ असंही म्हणतात. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘वैद्यकीय क्षमता’ लिहावं.

खरी गफलत पुढे होते, एकेक क्षमता मराठीत लिहिताना. भारतात २०१९च्या तुकडीपासून हा अभ्यासक्रम लागू झाला. पदवीधर हा लोकांचा पहिल्या संपर्काचा डॉक्टर व्हावा, हा त्याचा हेतू. त्यात प्रत्येक क्षमतेची पातळी ठरलेली असते: माहीत असणं, कसं करायचं ते सांगता येणं, करून दाखवता येणं, स्वतः करणं. भाषांतरात या सगळ्याचं ‘ज्ञान असणे’ किंवा ‘अवगत असणे’ होऊन जातं, आणि मग परीक्षकाने नेमकं काय पाहायचं तेच कळत नाही. मराठीत यासाठी ‘-ता येणं’ ही नेमकी रचना आहे. पोहण्यावर पुस्तक वाचलेल्याला कोणी ‘पोहता येतं’ म्हणत नाही.

‘रक्तदाब मापनाचे ज्ञान’ ऐवजी लिहावं: ‘रुग्णाला पाच मिनिटं शांत बसवून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, योग्य मापाचा पट्टा उघड्या दंडाला बांधून, आधी नाडीवरून वरच्या दाबाचा अंदाज घेऊन, मग सेकंदाला २ ते ३ मिमी या गतीने पारा उतरवत रक्तदाब मोजता येतो.’ आता परीक्षकाला चूक दिसते. पट्टा दंडाच्या मानाने लहान असेल तर आकडा खोटा वाढतो. नाडीचा अंदाज गाळला तर काही रुग्णांत स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा नाडीचा आवाज मध्येच गायब होतो आणि वरचा दाब कमी नोंदला जातो.

काळही सांभाळावा. ‘मोजता येईल’ याचा अर्थ परवानगी किंवा शक्यता असाही होतो. ‘मोजता येतो’ म्हटलं की क्षमताच. पातळी जिथे ‘स्वतः करणं’ आहे, तिथे ‘देखरेखीशिवाय’ हा शब्द घालायलाच हवा. तो गाळला तर मदतनीस म्हणून शेजारी उभा राहिलेला विद्यार्थीही उत्तीर्ण ठरतो.