नोटीस आलीय, शेतीचं उत्पन्न दाखवलं तर चालेल का?

सेव्हिंग खात्यात वर्षभरात ११ लाख कॅश भरली, इन्कम टॅक्सची १४२(१) ची, म्हणजे माहिती मागणारी, नोटीस आली, आणि आता 'शेतीचं उत्पन्न दाखवलं तर चालेल का' असं विचारताय. हे 'चालेल का' वाचलं आणि आमचे दाजी डोळ्यासमोर उभे राहिले, म्हणून लिहितोय.

नोटाबंदी झाली तेव्हा माझ्या घरात ६,४०,००० होते. ५ लाख मी ऑगस्ट २०१६ मध्ये माझ्याच खात्यातून काढलेले, वरचा मजला चढवायचा होता, मिस्त्री दुसरीकडे गेला आणि काम राहिलं ते राहिलंच. उरलेले १,४०,००० आईचे, डब्यातले. दाजी म्हणाले एकाच खात्यात भरून टाक, रांगेत दोनदा कोण उभं राहणार. भरले. आईचे आईच्या खात्यात भरले असते तर अडीच लाखाच्या आत म्हणून कुणी विचारलंही नसतं, पण तेव्हा सगळे दाजींचं ऐकत होते.

नोटीस आली तेव्हा परत दाजीच. 'शेती लिही, शेतीला टॅक्स नाही, विषय संपला.' मी नोकरदार माणूस, सातबाऱ्यावर दीड एकर जिरायत, तीही तीन भावांच्या नावावर. तरी लिहिलं! अधिकाऱ्याने आडतीच्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्याच्या पावत्या, मागितल्या, पीक काय, विकलं कुठे, विचारलं. माझ्याकडे एक चिठोरंही नव्हतं. मग खरं सांगितलं, की बँकेतूनच काढलेले आणि आईचे आहेत, तर ऑर्डरमध्ये आलं की करदाता सारखं म्हणणं बदलतोय, ही पश्चातबुद्धी आहे. डिसेंबर २०१९ मध्ये अख्खे ६,४०,००० कलम ६९अ खाली, म्हणजे कुठून आले ते न पटलेले पैसे म्हणून, माझ्या उत्पन्नात धरले. अशा पैशाला ११५बीबीई हे कलम लागलं की स्लॅब वगैरे काही नसायचं, माझ्या त्या वर्षाला ६० टक्के, त्यावर सरचार्ज, वर सेस, मिळून ७७.२५ टक्के होता. म्हणजे ४,९४,४०० नुसता टॅक्स, व्याज आणि पेनल्टी वेगळी.

३० दिवसांत अपील टाकलं, वसुली थांबवायला २० टक्के म्हणजे ९८,८८० भरले, मग नुसती वाट बघितली. शेवटी ५ लाख सुटले, कारण पासबुकात पैसे काढल्याची नोंद होती आणि ते दुसरीकडे खर्च झाले असं खात्याला दाखवता आलं नाही. आईचे १,४०,००० गेले. तेच आधी सांगितलं असतं तर आईचं म्हणणं कुणीतरी ऐकलं असतं, असं मला अजून वाटतं. दाजी अजून लग्नकार्यात सांगतात, 'त्याचे पाच लाख मी सोडवले.' दाजी, पाच लाख पासबुकाने सोडवले, तुमच्या शेतीने नाही.

तर तुमचं. खरंच शेती असेल, पट्ट्या असतील, तर बिनधास्त दाखवा. नसेल तर नाही चालणार. तुम्ही लिहिलंय की काही पैसे वडिलांनी दिले, मग तसंच लिहा, वडिलांच्या गिफ्टवर टॅक्स नाही, फक्त त्यांच्याकडे कुठून आले ते दाखवावं लागतं. उसने घेतलेत असंही उगाच लिहू नका, २०,००० किंवा वर कॅशमध्ये उसने घेतले की त्याची पेनल्टी निराळी. काढलेले आणि भरलेले पैसे तारखेवार एका कागदावर मांडा, आणि पहिल्याच उत्तरात जे खरं तेच टाका.

मी काही सीए नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवीन कायदा आलाय, कलमांचे नंबर बदललेत, तुमच्या वर्षाला काय आणि किती टक्के लागतं ते सीएलाच विचारा, नातेवाइकांना नको. आणि पोर्टलवरची मुदत चुकवू नका, नाहीतर अधिकारी त्याच्या अंदाजाने ऑर्डर काढून मोकळा होतो.