गुंगीत काही बोलून गेले तर?

“डॉक्टर म्हणतात, नाकाला मास्क लावून हसवणारा वायू देऊ. पण मॅडम, शुद्ध गेली तर? आणि गुंगीत मी भलतंच काही बोलून गेले तर?”

ही भीती घेऊन माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या या बाई गणिताच्या शिक्षिका. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) दोन दाढा किडलेल्या, भरून घ्यायच्या होत्या, आणि दवाखान्याच्या दारातून त्या दोनदा परत फिरलेल्या. दुखण्याची धास्ती नव्हती. स्वतःवरचा ताबा सुटेल, ही होती. १८४४ साली होरेस वेल्स या दंतवैद्यानं भान हरपेपर्यंत हाच वायू घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली, हे कुठंतरी वाचून त्या आणखीच धसकल्या होत्या.

आज हा वायू, म्हणजे नायट्रस ऑक्साइड, ऑक्सिजनमध्ये मिसळून, थोडं थोडं वाढवत देतात; बहुधा ३० ते ५० टक्के. माणूस जागा असतो, विचारलं तर उत्तर देतो. बोटांना मुंग्या येतात, अंग सैलावतं, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात. वायू बंद करून काही मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की तो श्वासावाटे निघून जातो. हिरडी बधिर करायचं इंजेक्शन मात्र बहुतेकदा घ्यावंच लागतं. हे आधी कुणी सांगत नाही, मग खुर्चीत बसल्यावर फसवल्यासारखं वाटतं.

“आणि तोंडात कापूस, डॉक्टरांची बोटं असताना गुपितं फोडणार कशी?” मी विचारलं. तेव्हा कुठं त्या हसल्या.

डॉक्टरांना काय काय सांगायचं ते आम्ही लिहून काढलं: नाक चोंदतं का, गरोदरपण, कानाचं किंवा डोळ्याचं अलीकडचं ऑपरेशन, बी-१२ची कमतरता. शेवटच्या शब्दावर त्या थबकल्या. “त्याची इंजेक्शनं चालू आहेत माझी. दाताशी त्याचा काय संबंध, म्हणून बोलले नाही.” संबंध आहे, हा वायू शरीरातलं बी-१२ निकामी करतो. नेमकी जपायची गोष्ट त्यांच्या भीतीच्या यादीतच नव्हती! दंतवैद्य त्यांच्या फिजिशियनशी बोलले आणि पातळी सुधारल्यावरच तारीख ठरली.

तोवर आम्ही नाकानं संथ श्वास घ्यायचा सराव केला. खूण ठरवली: डावा हात वर, म्हणजे थांबा.

काम झालं त्या संध्याकाळी फोन आला. “मास्क मीच लावला. मध्येच पाय आहेत की नाहीत असं झालं, हात वर केला, त्यांनी लगेच वायू कमी केला. मग मनातल्या मनात सतराचा पाढा म्हणून पाहिला. सतरा नव्वेला अडखळले. पण तिथं मी नेहमीच अडखळते.”