डबीत जे आहे ते कागदावर आहे का?

गेल्या महिन्यात या सदरात घरगुती उटण्याबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा पाऊस पडला, त्यातली बरीच आपल्या बडोद्यातलीच. कॉस्मेटिकच्या कारखान्यांत क्यूसीमध्ये, म्हणजे मालाच्या तपासणीच्या खात्यात, बावीस वर्षं काढलीत, त्यामुळे हे प्रश्न वाचताना खरंच पोटात कालवतं. म्हणून यावेळी चारच पत्रं घेतलीयेत पण नीट उत्तरं देते.

प्रश्न : ताई, मी दांडिया बाजारात राहते. दोन वर्षांपासून घरी ताज्या कोरफडीचं क्रीम आणि तुपातलं काजळ करते, ओळखीच्या बायका आवडीने नेतात. आता दिवाळीच्या प्रदर्शनात स्टॉल घ्यायचाय. मैत्रीण म्हणते हर्बल आहे तर लायसन्स लागत नाही. क्रीम टिकायला मी व्हिटॅमिन ई घालते, तेवढं पुरे ना? सोबत क्रीमची एक डबी पाठवलीये.
— एक गृहिणी, दांडिया बाजार

उत्तर : ताई, डबी मिळाली, आणि पाठवलीत ते फार बरं केलंत. झाकण उघडलं तर वरून क्रीम छान पांढरंशुभ्र, वास गुलाबाचा, पण झाकणाच्या आतल्या बाजूला कडेकडेने मिरीच्या पुडीसारखे बारीक काळे ठिपके, आणि चमच्याने कडा जरा बाजूला केली तर खाली पाणी सुटलेलं आणि गुलाबाच्या आड आंबूस वास. हे ठिपके म्हणजे बुरशी. आणि बुरशी निदान दिसते तरी, जीवाणू तर दिसतही नाहीत, क्रीम तसंच पांढरं राहतं आणि आत त्यांची वस्ती वाढत असते.

कारण असं, की कोरफडीच्या गरात ९८-९९ टक्के पाणीच असतं, आणि पाणी आलं की जंतू आलेच. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम, जंतू मारायची ताकद त्यात नाही. हा गैरसमज मी इतक्या जणींकडून ऐकलाय की आता ठळक अक्षरात छापावासा वाटतो. पाण्याच्या कुठल्याही क्रीमला खरं प्रिझर्व्हेटिव्ह लागतं, म्हणजे फिनॉक्सीइथेनॉल, आणि तेही १ टक्क्याच्या आतच, किंवा सोडियम बेंझोएट, पण ते चालतं फक्त आंबट माध्यमात, पीएच ५ च्या खाली असेल तरच, वर गेला की ते नुसतं पडून राहतं. म्हणून पीएच पट्टी घेऊन दर बॅचला बघावं लागतं. आणि घातलेलं प्रिझर्व्हेटिव्ह पुरतंय का हे लॅबच सांगते, ते लोक मुद्दाम क्रीममध्ये जंतू सोडतात, स्युडोमोनास, स्टॅफ, ई-कोलाय, कँडिडा, बुरशी, आणि २८ दिवस बघतात की मरतायत का वाढतायत. त्याला चॅलेंज टेस्ट म्हणतात.

कोरडं उटणं मात्र वेगळं. त्यात पाणी नाही, म्हणून ते नीट वाळवून बंद डब्यात ठेवलं तर टिकतं. गुलाबपाणी घालून लगदा करायचा तर तो ज्याने त्याने लावायच्या वेळी करावा.

आता काजळ. ताई, इथे मी हात जोडून सांगते, डोळ्याच्या वस्तूला थोडं थांबा. हेच स्युडोमोनास बुबुळाला लागलं, त्यातून तिथे आधीच बारीक ओरखडा असला, तर एक-दोन दिवसांत जखम पिकते आणि दृष्टी जाऊ शकते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय मापात बाकीच्या क्रीमना एका ग्रॅममागे १००० जंतूंपर्यंत सूट आहे पण डोळ्याच्या आणि तीन वर्षांखालच्या बाळांच्या वस्तूंना फक्त १००. रंगाची काजळी कुठून आली, सुरमा म्हणून बाजारातून काही मिसळलं का, हेही बघा, कारण बाजारातल्या सुरम्यात पुष्कळदा शिशाचं सल्फाइड असतं, आणि आपल्या कायद्यात रंगासाठी शिशाचं कुठलंही संयुग वापरायला सरळ बंदी आहे.

आणि लायसन्स. हर्बल असो नाहीतर आजीच्या हातचं असो, विकायसाठी कॉस्मेटिक बनवायचं तर १९४० चा औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायदा लागू होतो आणि त्याखालचे २०२० चे कॉस्मेटिक्स रूल्स. अर्ज कॉस-५ फॉर्मवर, लायसन्स कॉस-८ वर मिळतं, गुजरातमध्ये ते राज्याचं फूड अँड ड्रग्ज कंट्रोल खातं देतं, मुख्य ऑफिस गांधीनगरला. स्वयंपाकघरात ते मिळणार नाही, कारण वेगळी खोली लागते, भिंती सहा फुटांपर्यंत गुळगुळीत आणि धुता येतील अशा, आणि विषय समजणारा तांत्रिक माणूस देखरेखीला. बाटलीवर 'आयुर्वेदिक' लिहिणार असाल तर मामला आयुर्वेदिक औषधांच्या नियमांखाली जातो, ते लायसन्स निराळं. आणि 'पिंपल्स बरे होतात', 'एक्झिमावर उपाय' असं लिहिलंत की वस्तू कॉस्मेटिक राहतच नाही, ती औषध होते.

घाबरवण्यासाठी नाही सांगत. तुमची रेसिपी घेऊन एखाद्या लायसन्स असलेल्या युनिटकडे जा, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीकडे, जीआयडीसीकडे, चक्कर मारून विचारा, लहान बॅच करून देणारे लोक असतात. एकतर ते बनवतील आणि लेबलवर त्यांचं नाव-पत्ता आणि लायसन्स नंबर येईल, किंवा त्यांच्या जागेत स्वतःच्या नावाने लोन लायसन्स घ्या, कॉस-९. नुसतं विकायला लायसन्स लागत नाही. या दिवाळीला स्टॉलवर उटणंसुद्धा त्यांच्याकडूनच बनवून घेऊन ठेवा, क्रीम पुढच्या वर्षी. आणि ज्या बायकांकडे ही डबी गेलीये त्यांना आजच फोन करून सांगा की वापरू नका. हे आधी करा, बाकी सगळं नंतर.

प्रश्न : मी एका छोट्या युनिटात प्रॉडक्शन सुपरवायझर आहे, आम्ही लोशन आणि टूथपेस्ट बनवतो. मागच्या आठवड्यात ग्लिसरीनचे चार ड्रम नव्या सप्लायरकडून आले, किलोमागे चांगलेच स्वस्त, पण सोबत सीओए, म्हणजे त्या मालाच्या तपासणीचा दाखला, नाही. शेठ म्हणतात, पारदर्शक आहे, गोड आहे, घट्ट आहे, ग्लिसरीनच आहे, चालशे (चालेल). मी काय करू?
— एक सुपरवायझर, मांजलपूर

उत्तर : दादा, आधी ड्रमना पिवळा स्टिकर लावा, 'तपासणी बाकी', आणि त्यांना बाकीच्या मालापासून लांब उभं करा. 'चालशे' हा शब्द आपल्याकडे हवेतच आहे, पण ग्लिसरीनच्या बाबतीत तो शब्द माणसं मारतो, आणि हे मी वाढवून सांगत नाहीये.

डायएथिलीन ग्लायकॉल म्हणून एक रसायन आहे, डीईजी म्हणतात. तेही पारदर्शक, तेही घट्ट, तेही गोड, आणि ग्लिसरीनपेक्षा स्वस्त. पोटात गेलं की मूत्रपिंड बंद पडतं. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे.जे. हॉस्पिटलमध्ये डोळ्याचा आणि मेंदूचा दाब कमी करायला पेशंटना ग्लिसरीन देत होते, त्यात डीईजी निघालं, १४ जण गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली, त्या वेळी महाराष्ट्र हादरला होता. तिथल्या डॉक्टरांनीही बाटलीकडे बघितलंच असेल ना, ग्लिसरीनसारखंच दिसत होतं.

हे औषधाचं झालं असं शेठ म्हणतील. मग त्यांना टूथपेस्टचं सांगा. २००७ साली पनामात दुकानात उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकाने टूथपेस्टचं लेबल वाचलं, त्यावर चक्क डायएथिलीन ग्लायकॉल छापलेलं, आणि तो माणूस सरकारी ऑफिसात जाऊन सांगून आला कारण आदल्या वर्षीच तिथे डीईजीच्या खोकल्याच्या औषधाने माणसं गेली होती. त्यानंतर कितीतरी देशांनी तसली टूथपेस्ट परत घेतली. टूथपेस्ट आपल्याकडे कॉस्मेटिकमध्येच मोडते आणि लहान मूल ती थुंकत नाही, गिळतं, हे घरात पोर असलेल्या कुणालाही माहीत असतं.

आता काम काय करायचं. सप्लायरकडून त्या चार ड्रमच्या बॅच नंबरचा सीओए मागा, जुन्या कुठल्यातरी लॉटची झेरॉक्स नको, बॅच नंबर ड्रमवरच्याशी जुळवा. मूळ उत्पादक कोण आहे ते विचारा, कारण मधल्या व्यापाऱ्याने ड्रम बदलला असेल तर सगळी साखळीच तुटते. मग चारही ड्रममधून वेगवेगळं सॅम्पल काढा, एकातून काढून चार ठिकाणी लिहू नका, आणि गॅस क्रोमॅटोग्राफीवर डीईजी आणि एथिलीन ग्लायकॉल दोन्ही बघायला मान्यताप्राप्त लॅबला द्या, हद्द ०.१ टक्का आहे. ओलावा आणि घनता आपल्याकडे बघता येतात, पण भेसळ त्याने पकडली जाईलच असं नाही, त्यामुळे तेवढ्यावर हिरवा स्टिकर लावू नका.

राज्याची फूड अँड ड्रग्ज लॅबोरेटरी इथे वडोदऱ्यातच आहे, इन्स्पेक्टर बाजारातून तुमची ट्यूब उचलतो ती तपासायला तिथेच जाते. त्या दिवशी तुमच्या बॅच रेकॉर्डमध्ये कुठल्या ड्रमचं ग्लिसरीन कुठल्या बॅचमध्ये गेलं हे लिहिलेलं असेल तर एक बॅच परत बोलवावी लागेल, नसेल तर सगळा माल. शेठला पैशाची भाषा कळत असेल तर हे वाक्य त्यांना वाचून दाखवा.

मी कामाला नवीन असताना एका युनिटात असंच झालं. परफ्यूम बदलला होता, कुणी लिहून ठेवलं नाही, आणि तीन महिन्यांनी एका बाईच्या मानेवर पुरळ आलं, तिची तक्रार आली. आम्ही दोन दिवस रजिस्टर चाळत बसलो, तिच्या ट्यूबमध्ये कुठला सुगंध होता हे शेवटपर्यंत कळलंच नाही. तिच्या डॉक्टरने फोन करून विचारलं की नेमकं काय टाळायला सांगू तिला, आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी रजिस्टरची एक ओळ रिकामी सोडत नाही, आणि दर बॅचचं कंट्रोल सॅम्पल मुदत संपेपर्यंत कपाटात ठेवते.

प्रश्न : माझे मिस्टर हेअर डाय आणि ब्लीच पावडरच्या कारखान्यात भरणी करतात. चार महिन्यांपासून रात्री खोकला येतो, छातीत शिट्टी वाजते, मध्ये सुट्टीत आठवडाभर गावी गेलो होतो तर एकदम बरे होते. ते म्हणतात धूळ आहे, सवय होईल. तोंडाला रुमाल बांधतात.
— वाडीतल्या एक वाचक

उत्तर : बाई, सुट्टीत बरं वाटलं हे तुम्ही लिहिलंत तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. ब्लीच पावडरीत परसल्फेट असतं, अमोनियम किंवा पोटॅशियम परसल्फेट, आणि त्याच्या धुळीने दमा होतो हे डॉक्टरांना फार जुनं माहीत आहे. कामावर वाढतो, सुट्टीत उतरतो, ही त्याची खूण. याची सवय होत नाही, उलट होतं, एकदा शरीराने ती वस्तू ओळखली की पुढे चिमूटभर धुळीनेही अॅटॅक येतो. डायमधल्या पीपीडी या रंगाच्या रसायनाचंही तसंच, त्याने हाताला खाज-फोड सुरू झाली की ती अॅलर्जी बहुतेक जन्मभर राहते.

या आठवड्यात छातीच्या डॉक्टरकडे न्या, कामगार विम्याचं, ईएसआयसीचं कार्ड असेल तर तिथे, आणि जाताना पावडरच्या पोत्यावरचं लेबल मोबाईलमध्ये फोटो काढून न्या. डॉक्टरला 'कारखान्यात काम करतात' एवढंच सांगू नका, 'परसल्फेटची भरणी करतात' असं म्हणा. श्वासाचा जोर मोजणारं पीक फ्लो मीटर मिळतं, ते कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशी फुंकून आकडे वहीत लिहा, त्या आकड्यांवरून डॉक्टरला खूप कळतं.

रुमालाने काही होत नाही, बारीक धूळ त्यातून सरळ आत जाते. निदान एन-९५ पाहिजे, चेहऱ्याला घट्ट बसणारा, पण खरं काम मास्कचं नाहीच, भरणीच्या तोंडाशी हवा ओढणारं एक्झॉस्ट पाहिजे आणि मालकाने धूळ न उडणारी दाणेदार पावडर घ्यावी. मिस्टरांनी मालकाकडे एमएसडीएस, म्हणजे त्या रसायनाच्या धोक्यांची माहितीपत्रिका, मागावी. त्यात १६ भाग असतात, आठव्यात कुठला मास्क-ग्लोव्ह घालायचा ते असतं, अकराव्यात शरीरावर काय परिणाम होतो ते. बऱ्याच ठिकाणी ती ऑफिसच्या कपाटात कुलपात असते आणि इंग्रजीत असते, मी सांगते ती गुजराती-मराठीत करून भरणीच्या भिंतीला चिकटवलेली पाहिजे. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायदा बदलला तो याचसाठी, धोका काय आहे हे कामगाराला सांगणं मालकावर बंधनकारक झालं. मागायला भीक मागितल्यासारखं वाटून घेऊ नका. आणि दम्याचं निदान पक्कं झालं तर त्यांनी भरणीतून दुसऱ्या खात्यात बदली मागावी, हे मी अगदी कळकळीने सांगते.

प्रश्न : पार्लरमधून विनालेबलचं गोरं करणारं क्रीम घेतलं. पंधरा दिवसांत फरक पडला. आता पायाला सूज येते. संबंध असेल का?
— एक कॉलेजकन्या, फतेहगंज

उत्तर : असू शकतो, आणि आजपासून क्रीम बंद. असल्या क्रीममध्ये पारा निघतो, तो रंग झटपट उजळवतो आणि मूत्रपिंडाला लागतो, केरळात मलप्पुरमच्या डॉक्टरांनी असे पेशंट नोंदवलेत. आपल्या नियमात चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा दशलक्षात एक भागाच्या वर असून चालत नाही. लघवीला साबणासारखा फेस येतोय का बघ, आणि उद्याच लघवीतलं प्रोटीन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घे, डॉक्टरांना क्रीमचं सांग म्हणजे ते पाऱ्याची तपासणीही लिहून देतील. क्रीम बंद केल्यावर चेहरा लाल होऊन जळजळला तर त्यात स्टेरॉइडही असेल, तेव्हा त्वचेच्या डॉक्टरकडे जा पण परत तेच क्रीम लावू नकोस. डबी फेकू नकोस, गटारात तर नाहीच, घट्ट बंद करून पिशवीत गाठ मारून ठेव, आईने किंवा बहिणीने ती वापरली असेल तर त्यांचीही तपासणी कर, आणि ती डबी औषध खात्याच्या जिल्हा ऑफिसात तक्रारीसोबत दे. आणि बेटा, तुझ्या रंगाला काहीही झालेलं नव्हतं.