‘गँग’ म्हणजे फक्त गुंडांचीच का?

आजोबांच्या सर्व्हिस बुकात ‘गँगमन’, म्हणजे रेल्वेचे रूळ सांभाळणारा कामगार, असं वाचून तुम्ही दचकलात आणि विचारलंत, गँग म्हणजे गुंडच ना? मला हसू आलं. शाळेत वडिलांचा धंदा विचारला की मीही हा शब्द गिळायचो, ‘रेल्वेत आहेत’ म्हणून मोकळा व्हायचो.

जुन्या इंग्रजीत गँग म्हणजे चालणं, जाणं. जहाजात चढायच्या ‘गँगवे’त तो अर्थ अजून शिल्लक आहे. त्यावरून बरोबर जाणारे, बरोबर राबणारे ते गँग. सतराव्या शतकापासून मजुरांनाही गँग म्हणतात आणि लुटारूंनाही. वस्तूंनाही हा शब्द चालतो. जुन्या रेडिओत स्टेशन लावायचं बटण फिरवलं की एकाच दांड्यावरचे पात्यांचे दोन संच एकदम फिरतात, तो गँग कंडेन्सर.

रुळांवर तर याचा अर्थ डोळ्यांना दिसायचा. मीटरला ५२ किलो भरणारा १३ मीटरचा रूळ म्हणजे जवळजवळ पावणेसातशे किलो. एकजण आरोळी द्यायचा, बाकीचे ओ द्यायचे, सगळ्यांच्या पहारी एकाच दमात लागल्या तरच तो सरकायचा. वर देखरेखीला मेट. कीमन तेवढा एकटाच हातोडी घेऊन, रूळ जागेवर धरणाऱ्या चाव्या ठोकत, आपला बीट म्हणजे नेमून दिलेला पट्टा चालायचा. म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ खरा पाळणारा तोच म्हणायचा! पुढे पदाचं नाव ट्रॅकमन झालं, मग ट्रॅक मेंटेनर. वडील मात्र ‘आमची गँग’च म्हणत राहिले.

आपली ‘टोळी’ तरी कुठे वेगळी आहे? दरोडेखोरांची टोळी, तशीच ऊसतोडीचीही. तिथे नवराबायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरतात आणि मुकादम त्या हिशेबानं उचल देतो. पुण्यात हत्यारं नाचवत दहशत माजवणाऱ्या पोरांना बातम्यांत ‘कोयता गँग’ म्हणतात, तेव्हा मला चीड येते ती याचमुळे. दोन्ही शब्द घाम गाळणाऱ्यांचे, आणि दोन्ही एकदम त्या पोरांना देऊन टाकले.

मित्रांना ‘आपली गँग’ म्हणायला काहीच हरकत नाही, इंग्रजीतही सर्रास म्हणतात. फक्त ऑफिसच्या पत्रात टीम किंवा ग्रुप लिहा. आणि आजोबांचं पद कुठे अर्जात भरायचं असेल, तर ‘गँगमन’ असंच भरा. कागदावर तेच आहे.