ओढणीच्या सात पिना

"मॅडम, बसमधून जाताना हिनं नेमकं काय घालावं?" कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न सारखाच येतो, विचारते आई, आणि मुलगी शेजारी मान खाली घालून. म्हणून ही एक केस, ओळख बदलून.

कागलहून रोज बसनं कोल्हापूरला कॉलेजला येणारी पोरगी, बसमध्ये एक माणूस अंगाला हात लावतो म्हणून आलेली. मे महिना आणि अंगात जर्किन, आत ओढणी, घामानं चिंब. म्हटलं काढ की ते, आरामात बस. तर ओढणीच्या पिना काढून टेबलावर ठेवायला लागली, मोजल्या तर सात.

"एवढ्या?"

"ओढणी हलू नये म्हणून. आई लावून देते."

"त्यातली एखादी त्या माणसाला टोचली का गं कधी?"

हसली. "न्हाई मॅडम, मलाच टोचतात."

(गंमत बघा, शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत बायका छेड काढणाऱ्याला हॅटची पिन टोचायच्या, तर १९१० मध्ये शिकागोनं नियम केला पिनेच्या लांबीवर, नऊ इंचाच्या वर नको म्हणून!)

तीन-चार भेटींनंतर आईसमोरच विचारलं, पहिल्यांदा झालं तेव्हा काय घातलं होतंस? "शाळेचा युनिफॉर्म. नववीत होते." आई कितीतरी वेळ त्या पिनांकडंच बघत बसली. मीही गप्प राहिले, आणि गप्प कधी राहायचं हे मला वीस वर्षांत बऱ्यापैकी जमलंय.

माझं ठाम मत आहे, चूक आपलीच हा विचार डोक्यातून गेल्याशिवाय तोंडातून आवाज फुटत नाही. ओढणी सांभाळण्यातच पोरीचं सगळं लक्ष जातं मग ओरडणार कधी? म्हणून कपडे आवडतील ते, हवेला सोसतील ते, चपला मात्र पटकन सरकता येईल अशा. आणि वाक्य एकच, घरी मोठ्यांदा म्हणून बघायचं, "हात काढा!" मग कंडक्टरला सांगायचं, ११२ हा पोलीस मदतीचा नंबर लावायचा, तिकीट जपून ठेवायचं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४, ७५ मध्ये, म्हणजे विनयभंग आणि लैंगिक छळाच्या कलमांत, बाईच्या कपड्यांचा शब्दही नाही, हे आयांनो तुम्ही पण वाचा.

परवा दोघी आल्या, पोरगी साध्या टी-शर्टात. बसमध्ये ओरडले म्हणाली, आवाज जरा चिरकला पण कंडक्टरनं त्याला खाली उतरवलं. माझ्या टेबलावरच्या वाटीत पिना तशाच पडलेल्या, आई म्हणाली, "द्या की त्या इकडं, माझ्या साडीला लागतात."