पहिली जंपिंग स्टिल्टची जोडी: 74 किलो वजनाला 90-120 ची घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वजन 74 किलो, स्प्रिंगचे जंपिंग स्टिल्ट कधी पायात घातलेले नाहीत, शिकायचं सोलापुरातच आहे, आणि एक जण 90 ते 120 किलोच्या मापाची वापरलेली जोडी निम्म्या किमतीत देतोय. जड माणसासाठी बनवलेली म्हणजे जास्त मजबूत असणार, मग तीच घेऊ का?

नका घेऊ. फुकट दिली तरी शिकण्यासाठी ती वापरू नका. मी हे बरीच वर्षं वापरतोय, शेजारपाजारच्या पोरांना शिकवतोय, आणि नवीन माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान या एका समजुतीने होताना पाहिलंय. मजबूत आणि ताठ यात फरक आहे.

या स्टिल्टमध्ये उडवणारी वस्तू एकच, ती म्हणजे पोटरीच्या मागे कमानीसारखी वाकलेली फायबरग्लासची पट्टी. गॅरेजवाल्यांच्या भाषेत पाटाच. ट्रकला असतो त्याच जातीचा, फक्त लोखंडाऐवजी काचेच्या धाग्यांचा आणि रेझिनचा. तुम्ही पाय टेकवलात की तुमच्या वजनाने पाटा वाकतो, धक्का स्वतःत साठवतो आणि पाय उचलताना परत देतो. हा पाटा विशिष्ट वजनासाठीच बनवलेला असतो. बाजारात साधारण 50-70, 70-90 आणि 90-120 किलो अशी मापं दिसतात. कंपनीगणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतात, म्हणून जाहिरातीत काय लिहिलंय त्यापेक्षा पाट्यावर काय छापलंय ते बघा.

आता 74 किलोच्या माणसाने 90-120 चा पाटा लावला की काय होतं? तो पुरेसा वाकतच नाही. पाटा वाकला नाही तर प्रत्येक पावलाचा दणका थेट गुडघ्यात आणि कंबरेत जातो. वर उडणं तर बाजूलाच राहिलं, तुम्ही दीड फूट उंचीच्या दोन काठ्यांवर ताटकळत चालत राहता. आमच्या गल्लीतल्या एका हडकुळ्या मुलाला भावाने स्वतःच्या मापाची जोडी दिली होती. दोन-तीन संध्याकाळी तो "मला जमतच नाही" म्हणत गुडघे चोळत घरी गेला. त्याच्या वजनाचा पाटा मिळाल्यावर त्याच मुलाला पहिल्याच संध्याकाळी पावलाखाली उसळी जाणवली. त्याच्यात काहीच कमी नव्हतं.

उलट चूकही तितकीच वाईट, किंबहुना जास्त धोक्याची. हलक्या मापाचा पाटा जड माणसाखाली मर्यादेपलीकडे वाकतो, आणि जोरात उडी मारताना तुटू शकतो. तुटलेल्या पाट्याची टोकं पायाच्या अगदी जवळ असतात, हे लक्षात ठेवा.

तुमच्यासाठी उत्तर 70-90. पण आधी नीट वजन करा. शेवटचं वजन कॉलेजच्या मेडिकलच्या वेळी केलेलं असेल तर ते धरू नका. बूट, हेल्मेट, पॅड, खिशातला मोबाईल, पाठीवरची पाण्याची बाटली, म्हणजे घालून उडणार ते सगळं अंगावर घेऊन काट्यावर उभे राहा. स्टिल्टचं स्वतःचं वजन त्यात धरायचं नसतं. तुम्ही बहुतेक 76-77 च्या आसपास याल आणि 70-90 मध्ये आरामात बसाल. वजन उतरवण्यासाठीच हा नाद लावून घेत असाल तर मात्र अशी जोडी बघा जिचा पाटा बदलता येतो आणि सुटा मिळतो. 70 च्या खाली गेलात तर फ्रेम तीच ठेवून फक्त पाटे बदलता येतील.

मापाचा दुसरा भाग गुडघ्याखालच्या कफचा. पायाची पाटी आणि गुडघ्याखालचा गादी लावलेला कफ यांच्यातलं अंतर बोल्टने कमी-जास्त करता येतं. खुर्चीवर बसा, ज्या बुटात उडणार तेच घाला, गुडघा काटकोनात ठेवा आणि जमिनीपासून गुडघ्याच्या वाटीच्या खालपर्यंत टेपने मोजा. हा आकडा विकणाऱ्याला सांगून विचारा की फ्रेम तेवढी लावता येते का. कफ वाटीच्या खाली बसला पाहिजे. वाटीवर दाबला तर दहा मिनिटांत पाय बधिर होतील आणि गुडघा पूर्ण वाकणारही नाही. फार खाली बसला तर स्टिल्टवर ताबा राहत नाही, पाय आत एकीकडे आणि फ्रेम दुसरीकडे जाते.

बूट सपाट तळाचे आणि घोट्याला आधार देणारे घ्या. मागे रुंद टाच पसरलेले जाड रनिंग शूज पाटीवर नीट बसत नाहीत. बुटाची नाडी आत खोचायची आणि पँट सैल असेल तर पोटरीला बांधायची, कारण मागे पाटा आणि बोल्ट उघडे असतात.

वापरलेली जोडी घ्यायला माझी हरकत नाही. बाहेरून नवीन मागवली तर कस्टम ड्यूटी आणि कुरिअर धरून ती महाग पडते, आणि सोलापुरात दुकानात जाऊन हातात धरून बघता येईल अशी ती वस्तूही नाही. पण वापरलेली घेताना पाटा वाचायला शिका. सावलीत नको, उन्हात घेऊन बघा. पाट्याच्या पृष्ठभागावर दुधट पांढरे डाग किंवा रेषा दिसल्या तर आतले थर सुटायला लागलेत. मग कडा बघा. कडेवर उघडा हात फिरवू नका, काचेचे बारीक तंतू कातडीत जातात आणि दिवसभर टोचतात. जुना सुती कपडा घ्या आणि पाट्याच्या दोन्ही कडांवरून वरून खाली हलकेच ओढा. कपडा अडकला, त्याचे धागे निघाले, की तिथे तंतू उचकटलेत. तिथेच थांबून एखाद्या काडीने टोकरा: वरचा रंगच सोललाय की उभी चीर आत गेलीय, ते लगेच कळतं. चीर असेल तर तो पाटा गेला, किंमत पाडून घेण्यातही अर्थ नाही. दोन्ही पाट्यांवरचं माप एकच आहे ना तेही बघा. एक पाटा तुटल्यावर मिळेल तो दुसरा लावून विकणारे लोक असतात.

नंतर फ्रेम. ती ॲल्युमिनियमची असते. सांध्यांजवळ केसाएवढी चीर शोधा. स्टिल्ट उभी धरून हलवा. खडखड वाजली तर बोल्टची भोकं लांबट झालीत किंवा आतली बुशं (सांध्यात बसवलेल्या छोट्या नळ्या) गेलीत. बुशं बदलता येतात, लांबट भोकं दुरुस्त होत नाहीत. खालचा रबरी खूर झिजून धातू दिसत असेल तर नवीन खूर मिळतो का हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले असावेत, साधे नट थरथरीने सुटतात. नायलॉक असले तरी दर वेळी घालण्याआधी एलन की आणि पाना फिरवून बघायचंच.

ब्रँडचं फार मनावर घेऊ नका. ही कल्पना जर्मनीच्या अलेक्झांडर ब्योक या इंजिनिअरची. त्यांना 2004 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं, आणि त्या पेटंटच्या शीर्षकात उडीचा उल्लेखही नाही, माणसाला चालायला मदत करणारं साधन एवढंच म्हटलंय. त्यांचं पॉवरस्किप, कोरियाचं पॉवररायझर, आणि नंतर चीनमधून आलेली असंख्य नावं, सगळ्यांची रचना थोड्याफार फरकाने तीच. नवशिक्यासाठी मी नावापेक्षा एवढंच बघेन की पाटे, खूर, बुशं आणि पट्ट्या सुट्या मिळतात का. ज्याचे भाग मिळत नाहीत ती जोडी एका खुरापायी माळ्यावर पडते.

पैसे वाचवायचेच असतील तर स्टिल्टमध्ये वाचवा, पॅडमध्ये नको. हेल्मेट, मनगटाचे गार्ड, कोपराचे आणि गुडघ्याचे पॅड, चारही वस्तू पहिल्या दिवसापासून. स्केटिंगचं सामान चालतं. यातही निवड करायची वेळ आली तर मनगटाचे गार्ड आणि हेल्मेट आधी घ्या आणि बाकीचं येईपर्यंत थांबा, तोवर स्टिल्ट घालू नका. तुम्ही दीड फूट वर असता, म्हणजे पडायचं अंतर वाढलेलं असतं, आणि पडताना माणूस आपसूक हात पुढे टाकतो.

आता शिकण्याबद्दल, कारण कोणती घ्यावी याचं अर्धं उत्तर तिथे आहे. यावर स्थिर उभं राहता येत नाही. खूर तळहाताएवढा असतो, त्यावर तोल थांबतच नाही. सतत जागच्या जागी पावलं टाकत राहायचं. हे कोणी सांगितलेलं नसतं, म्हणून माणूस उभा राहायला बघतो आणि मागे कोसळतो. उंच कठड्यावर किंवा गाडीच्या बॉनेटवर बसून पट्ट्या आवळा, दोन्ही बाजूंना एकेक माणूस उभा करा, त्यांच्या खांद्यावर हात ठेवा आणि उठल्या उठल्या डावा-उजवा, डावा-उजवा सुरू करा. नजर समोर ठेवा. खाली बघितलं की कंबर मागे जाते. पाय नेहमीपेक्षा थोडे फाकवून चाला, नाहीतर एका पायाचा पाटा दुसऱ्याला अडकतो. मागे तोल जातोय असं वाटलं तर पुढे झुका. पडायचंच असेल तर पुढे, गुडघ्याच्या पॅडवर पडायचं. मागे पडण्यात माकडहाड आणि डोकं दोन्ही सापडतात. पुढे गुडघ्यावर पडायचा सराव पहिल्याच दिवशी, दोघांनी धरलेलं असताना, मुद्दाम करून घ्या.

चालणं, वळणं, हळू पळणं आणि थांबणं जमल्याशिवाय उडी नको. सरावलेली माणसं मीटर-दीड मीटर वर जातात, ते व्हिडिओ बघूनच तुम्हालाही हे घ्यावंसं वाटलं असेल. पण गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, कित्येक आठवडे आधी नंदीध्वजाचा (मिरवणुकीतल्या उंच, जड काठीचा) सराव सुरू होतो, संक्रांतीच्या दिवशी पहिल्यांदा ध्वज कोणी उचलत नाही, तसंच इथेही आहे. पायाला आणि कंबरेला नवं ओझं कळायला वेळ लागतो. एकेका पायाला 3 ते 4 किलो बांधलेले असतात, मांड्या आणि पोट पहिल्या दिवशी लवकर दमतात. दमल्यावर अजून एकच फेरी असं करू नका, बहुतेक पडणं त्या फेरीत होतं.

जागेचं सोलापुरात जरा अवघड आहे. मोकळी मैदानं दिसतात, पण आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चिकटते, खूर दोन्ही वेळी रुततो. पेव्हिंग ब्लॉकवर एखादा ब्लॉक वर आलेला असतो, त्याला खूर ठेचतो. फरशी आणि ओलं काँक्रीट तर नकोच. सगळ्यात चांगला म्हणजे कोरडा, खडी नसलेला डांबरी किंवा काँक्रीटचा बंद रस्ता. जुळे सोलापुरात किंवा विजापूर रोडला एखाद्या सोसायटीचं आतलं वळण मिळालं, वॉचमनला आधी सांगून ठेवलं आणि झाडूने एकदा झाडून घेतलं की काम झालं. बाजूला कंपाउंडची भिंत असेल तर अजून उत्तम, धरायला होते. एमआयडीसीतले रस्ते सुट्टीच्या दिवशी मोकळे असतात, पण ऑइलचे डाग बघून घ्या. रहदारीच्या रस्त्यावर आणि गड्ड्याच्या गर्दीत अजिबात नको, तिथे तुमच्याबरोबर दुसऱ्याचंही पोर जायबंदी होईल.

आणि कुत्री. उंच, टकटक वाजणारा माणूस बघून गल्लीतली कुत्री हमखास अंगावर येतात. पळू नका. सोबतच्या माणसाचा खांदा धरून जागच्या जागी पावलं टाकत राहा, त्याला कुत्र्यांना हाकलू द्या. म्हणूनसुद्धा एकट्याने शिकायला जाऊ नका.

वेळ सकाळी लवकरची ठेवा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, पॅडच्या आत घामाने पट्ट्या सरकतात. स्टिल्टही उन्हात, गच्चीवर किंवा बंद गाडीत टाकून ठेवू नका, ऊन लागून लागून पाट्याचं रेझिन खराब होतं. खोलीत, सावलीत, पाट्यावर दाब येणार नाही अशी आडवी ठेवा.

तुम्हाला ती जोडी देणाऱ्याकडे 70-90 चे सुटे पाटे असतील आणि त्याच फ्रेमला ते बसत असतील तर सौदा परत बघता येईल. त्याच्याकडून तीन फोटो मागवा: पाट्यावरचा छापलेला आकडा, पाट्याच्या दोन्ही कडा जवळून, आणि खुराचा तळ. ते फोटो आणि तुमच्या गुडघ्याखालचं माप इथे टाका, मी बघून सांगतो.