वाचक विचारतात : गायिकेची गोष्ट लिहितं कोण?

प्रश्न : अमेरिकी गायिका लाना डेल रे हिच्या ‘बॉर्न टू डाय’ अल्बमची समीक्षकांनी चिरफाड केली आणि चाहत्यांनी तिला तारलं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. हे खरं आहे का? (एक विद्यार्थिनी, सांगली)

अर्धंच खरं आहे. मेटाक्रिटिक ही साइट वेगवेगळ्या परीक्षणांचे गुण शंभरपैकी करून त्यांची सरासरी काढते. काही नियतकालिकांना ती जास्त वजन देते, पण कोणाला किती हे सांगत नाही. तिथे या अल्बमला ६२ गुण आहेत, आणि संगीताच्या बाबतीत ६१ ते ८० म्हणजे ‘बहुतांशी अनुकूल’. काठावर का होईना, पास.

मग चिरफाडीची गोष्ट आली कुठून? अल्बमच्या आधीच्या पंधरवड्यातून. १४ जानेवारी २०१२ ला तिने ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमात दोन गाणी म्हटली. थेट प्रक्षेपण होतं, आवाज डळमळला, आणि दुसऱ्या दिवसापासून चेष्टा सुरू झाली. अल्बम आला महिनाअखेर. तोवर ‘ही खरी की बनवलेली?’ हा प्रश्न ठरून गेला होता आणि बऱ्याच परीक्षणांनी गाण्यांआधी त्याचंच उत्तर दिलं. ती पूर्वी लिझी ग्रँट नावाने गायची, २०१० चा तिचा एक अल्बम बाजारातून काढून घेतला गेला होता, हे सगळं पुरावा म्हणून मांडलं गेलं. (टोपणनाव हा गुन्हा असेल तर केशवसुत, कुसुमाग्रज आणि ग्रेस यांनाही पिंजऱ्यात उभं करावं लागेल.)

पुढचं वळण जास्त बोलकं आहे. पिचफोर्क या संगीत परीक्षणांच्या अमेरिकी साइटने २०१२ मध्ये या अल्बमला दहापैकी ५.५ दिले होते. २०१९ च्या तिच्या ‘नॉर्मन रॉकवेल’ नावाच्या अल्बमला (मधला शब्द इथे छापत नाही) त्यांनी ९.४ दिले. २०२१ मध्ये त्यांनी आपल्याच काही जुन्या परीक्षणांचे गुण बदलले, तेव्हा ‘बॉर्न टू डाय’ ७.८ वर गेला. गाणी तीच होती. पुढच्या कामामुळे मागचं काम ‘सुरुवात’ म्हणून वाचलं जाऊ लागलं, एवढाच फरक.

प्रश्न : हाच अल्बम बिलबोर्डच्या यादीत (अमेरिकेतल्या लोकप्रिय अल्बमांच्या साप्ताहिक क्रमवारीत) ५०० आठवड्यांहून जास्त राहिला. ही चाहत्यांची ताकद नाही का? (नाशिक)

चाहत्यांची आहेच, पण नियमांचीही आहे. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत सुमारे ७७ हजार प्रती खपल्या आणि अल्बम दुसऱ्या क्रमांकावर आला. पूर्वी जुने अल्बम काही काळाने मुख्य यादीतून बाहेर काढले जायचे. २००९ च्या अखेरीस ती अट गेली. डिसेंबर २०१४ पासून स्ट्रीमिंगही मोजलं जाऊ लागलं. त्यामुळे वर्षानुवर्षं ऐकला जाणारा अल्बम पूर्वी यादीला दिसतच नसे, तो दिसू लागला.

गणित असं होतं : २०१८ च्या नियमाप्रमाणे पैसे भरून वापरणाऱ्यांची १,२५० स्ट्रीम किंवा जाहिरातींसह ऐकणाऱ्यांची ३,७५० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम धरला जायचा (२०२६ च्या सुरुवातीला हे आकडे कमी झाले). बारा गाण्यांच्या मूळ आवृत्तीचं एकट्याने एका विक्रीइतकं वजन पाडायचं, तर पैसे भरणाऱ्यालाही ती जवळपास १०४ वेळा पूर्ण ऐकावी लागायची. स्पॉटिफायवर गाणं किमान ३० सेकंद वाजलं तरच स्ट्रीम धरली जाते. म्हणून चाहत्यांच्या गटांतून ‘लूपवर लावू नका, म्यूट करू नका, मध्ये दुसरी गाणी घाला’ अशा सूचना फिरतात. यांत्रिक वाटणारं ऐकणं गाळलं जाऊ शकतं. अशा मोहिमेने पहिला आठवडा उचलता येतो. पाचशे आठवडे नाही. त्यासाठी मोहिमेशी काही देणंघेणं नसलेले श्रोते लागतात.

प्रश्न : चाहत्यांनी गर्दी करून दिलेले गुण आणि समीक्षकांना केलेलं ट्रोलिंग यांचा उपयोग होतो का? (पुणे)

गुणांवर होत नाही. मेटाक्रिटिकवर वापरकर्त्यांचे गुण वेगळ्या खान्यात असतात. ट्रोलिंगचा परिणाम पुढच्या परीक्षणावर होतो. एप्रिल २०२४ मध्ये ‘पेस्ट’ मासिकाने टेलर स्विफ्टच्या नव्या अल्बमचं परीक्षण लेखकाच्या नावाशिवाय छापलं, कारण तिच्या २०१९ च्या अल्बमवर लिहिणाऱ्याला धमक्या आल्या होत्या. निनावी परीक्षणाने लेखक सुरक्षित राहतो, पण हे कोणाच्या कानांनी ऐकलंय ते वाचकाला कळत नाही. आमच्या मते नुकसान चाहत्यांचंच जास्त.

प्रश्न : एखाद्या गायिकेच्या वाटचालीवर प्रकल्प करायचा आहे. सुरुवात कशी करू? (कोल्हापूर)

आधी तारीख, मग मत. शोधताना तारखेची मर्यादा घाला आणि अल्बम येण्यापूर्वीचे लेख, पहिल्या दोन आठवड्यांतली परीक्षणं आणि पाच वर्षांनंतरचे लेख असे तीन ढीग करा. पहिल्या आठवड्यातली किमान पाच परीक्षणं पूर्ण वाचा. गुण एका रकान्यात लिहा, आणि मजकुरात गाण्यांबद्दल किती वाक्यं व व्यक्तीबद्दल किती, ते दुसऱ्या रकान्यात. या दोन रकान्यांचं जमत नसेल, तर प्रकल्पाचा विषय तिथेच सापडला.

चुका ठरलेल्या असतात. विश्वकोशी पानावर परीक्षणांतली टोकाची वाक्यं उचललेली असतात, मधली गळतात. पाचपैकी तीन तारे म्हणजे बहुतेक वृत्तपत्रांच्या लेखी ‘चांगला’. शंभरात तेच ६० होतात आणि ‘संमिश्र’मध्ये पडतात. तारीख नसलेला स्क्रीनशॉट घेऊ नका. आणि आवृत्ती तपासा : ‘बॉर्न टू डाय’ची आठ नवी गाणी जोडलेली आवृत्ती नोव्हेंबर २०१२ मध्ये आली. तिचं परीक्षण जानेवारीच्या ढिगात गेलं, तर समीक्षकांनी दहा महिन्यांत बदललेलं मत तुम्हाला पहिल्याच दिवसाचं वाटेल.